पंपातला बिशप

आता माझीच फजिती माझ्याच तोंडानं सांगायची म्हणजे चहा जरा कडकच टाका. लपवून लपवून थकले हो मी!

तुम्हाला माहीतच आहे, ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. बायकांना साड्यांचा नाद असतो, मला जुन्या नाण्यांचा. त्यातही कसल्या? जर्मनीतल्या बिशपांच्या! पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडचे काही बिशप राज्यही करायचे आणि स्वतःची सोन्याची नाणीही पाडायचे. धानाच्या बांधीत उभं राहून हे कोणाला सांगणार?

वर्षानुवर्षं नुसती चित्रं बघितली. रिटायर झाल्यावर मात्र नागपूरच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून एक खरं नाणं घेतलं. हातातल्या पाटल्या मोडून! पातळ, पिवळंधम्मक, त्यावर किल्ली धरून उभा संत पीटर. तासन् तास बघत बसायची मी.

एक दिवस आमच्या ह्यांनी विचारलं, "हे काय होय व?"

खरं सांगायची हिंमत होते का? म्हटलं, "काही नाही हो, पितळेची नक्कल."

इथंच शेण खाल्लं!

पुढच्याच आठवड्यात बहिणीकडे वरोऱ्याला गेले. दोन दिवसांनी परत येऊन कपाट उघडते तर डबी रिकामी!

"अहो, डबीतलं नाणं कुठे आहे?"

"ते पितळेचं? शेतात हाय."

"शेतात?"

"मोटरपंप गळून राह्यला होता. त्या मापाचं वायसर कुठीच भेटे ना. मंग तुयं ते घेतलो, मधात ड्रिल मारलो, देलो बोल्टाखाली बसवून. एक थेंब गळत नाई आता!"

मी मटकन खाली बसले. कशाला गळेल? सोनं मऊ, बोल्ट आवळला की बसलं चपखल!

"काऊन व? चक्कर आली काय?"

"प्रवासाचा थकवा आहे," म्हटलं. खोट्यावर आणखी एक खोटं.

दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून आणावं म्हणून शेतात गेले, तर आमचे शेजारी देवाजीभाऊ पंपाभोवती फिरून राह्यले. ह्यांनी गावभर कौतुक केलं होतं ना!

"बाई, असे चार वायसर आमच्यासाठीबी आणा नं."

"मिळत नाहीत हो भाऊ आता."

"कंपनी कोणती?"

आता काय सांगू? "जर्मन," म्हटलं.

"तरीच!"

झालं! संध्याकाळपर्यंत तिघं जण घरी आले जर्मन वायसर विचारत. सकाळी शेतात जाऊन बघते तर देवाजीभाऊ पाना घेऊन पंपाशी बसलेले आणि बाजूला आमचे हे उभे.

"नमुना म्हणून नेतो बाई. दुकानात दाखवतो, आजच वापस आणतो."

पान्यानं बोल्ट फिरला आणि माझा धीर सुटला. "हात लावू नका! सोन्याचं आहे ते!"

देवाजीभाऊ हसले. हे नाही हसले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"पाटल्या?"

मी मान खाली घातली. हे बांधावर बसले.

"मले सांगतली असती, त मी नाई म्हटलो असतो काय?"

चिडले असते तर परवडलं असतं हो!

मग त्यांनी स्वतःच बोल्ट काढला, नाणं दुपट्ट्यानं पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. संत पीटरच्या ऐन पोटात भोक! मी रडले की हसले, आठवत नाही.

आता याचं करायचं काय? नाणी जमवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथं फोटो टाकून विचारलं. जर्मनीतल्या एका जाणकारानं हे लांबलचक उत्तर लिहिलं.

"काय म्हणून राह्यला तो?" ह्यांनी विचारलं.

"म्हणतो, हे भोक अनमोल आहे. त्या काळी भाविक लोक असं नाणं दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे. भोकाची कड पाहून त्या जुन्या कारागिराच्या श्रद्धेला हात जोडावेसे वाटतात."

हे जरा ताठ बसले. "त्याले सांग, कारागीर जिता हाय. धानाले पाणी देऊन राह्यला."

आणि मी? तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी मी! चष्मा लावला आणि उत्तर लिहिलं, "महोदय, माझाही अंदाज हाच होता."