फिलूबाईची उकड

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले, सासूबाई गेल्या, ज्यांच्यासमोर घडलं त्या बायकाही बहुतेक गेल्या — आणि मी अजून उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये ‘मोदकवाल्या काकू’ म्हणून मिरवते आहे. होय, मिरवते. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, हे रडगाणं नाही. मी जिंकले, त्याची ही हकिगत आहे.

लग्न झालं आणि मी उज्जैनहून थेट मुंबईला गेले. ह्यांना गोदीच्या ऑफिसात नोकरी होती, माझगावला बिऱ्हाड. तळमजल्यावर बोहऱ्याचं दुकान, त्याच्यावर एकटी पारशी म्हातारी, पलीकडे मद्रासी मास्तर, वर कच्छी कुटुंब, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून गोव्याची फिलूबाई. मुंबई कोणाची यावर तेव्हा बाहेर मोर्चे निघत. आमच्या मजल्यावर भांडण असे ते नळ कोणाचा यावर — पण पाणी आलं की म्हातारीची बादली आधी भरायची, हे सगळ्यांना मान्य होतं. समुद्राच्या हवेनं मीठ ओलं व्हायचं, पापड सादळायचे. कोरड्या माळव्यात वाढलेली मी, सुरुवातीला वैतागले. मग इतकी रमले, की काय सांगू? इथे देवास गेटपर्यंत गेलं तरी कोणाची सून, कोणाची लेक, याचा हिशेब द्यावा लागतो. तिथे मला कोणी काही विचारलंच नाही. मी संध्याकाळी एकटी बंदरावर जाऊन बोटी बघत बसे. तेवढी मोकळी मी त्याआधी कधी नव्हते, नंतरही नाही.

आणि फिलूबाई — ती माझी कोण होती? मैत्रीण म्हणावं, तर ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा रेल्वेत गार्ड, ही घरी फ्रॉक शिवायची. पंधरा ऑगस्टला गच्चीवर झेंडा लागायचा, आणि त्याच दिवशी तिच्याकडे मेरीमातेचा सण असायचा. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या तिनं माझ्या हातावर ठेवल्या. सोवळ्याच्या घरातली मी — खाल्ल्या, आणि परत मागितल्या.

तांदळाची उकड मी तिच्याकडूनच शिकले. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, उकड गरम असतानाच मळायची. माझा हात भाजला की ती म्हणायची, “सोस बाय, थंड झाली की फुटते ती.” त्या उकडीचे मोदक मात्र माझे मी वळले. ती पाहत राहिली आणि हसली.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला, त्या सुमारास सासऱ्यांच्या आजारपणामुळे आम्ही उज्जैनला परतलो. हे इथल्या मिलमध्ये लागले. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला तेव्हा तळलेले मोदक असत, कारण उकडीचे इथे कोणाला धड जमत नसत. मी केले. मंडळाच्या मोघेकाकू, ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी बाई जात नसे, एक मोदक खाऊन म्हणाल्या, “हे तर कमालच झाले गं. कोणाच्या हाताखाली शिकलीस?”

मी ह्यांच्या रत्नागिरीच्या मामींचं नाव सांगितलं. त्या नुकत्याच वारल्या होत्या, त्यामुळे विचारायला कोण जाणार? फिलूबाईचं नाव घेतलं असतं, तर मासे खाणाऱ्या ख्रिस्ती बाईची उकड देवाला चालली नसती. पहिल्या नैवेद्याचा मान मला मिळाला. चार पिढ्या इथे असलेल्या घरांना मागे टाकून — मला.

दुसऱ्या वर्षी ऐन गणपतीत फिलूबाई दारात उभी राहिली. नवऱ्याची बदली रतलामला झाली होती, तिथे सामान टाकून लगेच गाडीनं मला भेटायला आली होती. इथे हळदीची पानं मिळत नाहीत असं मी तिला कळवलं होतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून पानं आणलेली. मोघेकाकू आणि बायका माझ्या ओसरीवर नारळ खवत बसल्या होत्या.

“सुमन, ह्या कोण? पहिचानवाल्या आहेत का तुझ्या?” काकूंनी विचारलं.

मी म्हणाले, “मुंबईला आमच्याकडे भांडी घासायला यायच्या.”

फिलूबाईला मराठी उत्तम येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली नाही — हे मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला वाटेल मला शरम वाटली असेल.

“बाहेरच बसव, प्रसाद दे,” काकू म्हणाल्या. मी पायरीवर पत्रावळ ठेवली, सकाळच्या नैवेद्यातले दोन मोदक वाढले. पाणी वरून ओतलं. तिनं एक खाल्ला, नीट, सावकाश. “पाकळ्या चांगल्या आल्या, बाईसाहेब,” म्हणाली. पूर्वी ती मला बाय म्हणायची.

पानं पायरीवर ठेवून ती उठली, आणि गाडीला वेळ होता म्हणून समोरच्या झाडाखाली जाऊन बसली. मी ती धुऊन घेतली — सोवळ्यासाठी — आणि चाळणीत अंथरली. झाकण काढलं तेव्हा वासानं सगळी ओसरी थबकली. बायकांनी मला पाटावर बसवून ओटी भरली, सासूबाईंचे डोळे भरून आले. तो मान पुढे माझ्याकडेच राहिला.

शरम नंतर आली का? आली, बऱ्याच वर्षांनी, तीही थोडी थोडी. पण त्या दुपारी काय होतं ते खरं सांगायचं, तर फिलूबाई उन्हात स्टेशनकडे चालत जाताना मला पाटावरून दिसत होती, माझ्या ओटीत नारळ होता, आणि मी आनंदात होते.