आईच्या हंड्यातला तांबडा रंग

रेवसला जायचं तर दसऱ्यानंतर जा. समुद्र शांत असतो आणि लाँच वेळेवर सुटते, म्हणजे तासभरच उशिरा! भाऊच्या धक्क्यावर पाव घेऊन चढा, वाटेत काही मिळत नाही. मी ऐटीत सांगतोय खरा, पण मूळचा तिथला कोळी असून आई गेल्यापासून पाच वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो.

निघालो तेही कामासाठी. मुंबईत कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात मी रसायनं बघतो. खाडीच्या खाऱ्या चिखलात कांदळाची झाडं वाढतात, त्यांच्या सालीतून कातडं कमवायचा अर्क काढायचा हा माझा हट्ट. आमच्याकडे त्याच सालीच्या काढ्यात जाळी बुडवतात. ती छान तांबडी होतात, लवकर कुजत नाहीत. माझा अर्क मात्र दरवेळी काळा ठिक्कर. साहेब म्हणाले, "आठवड्यात जमवा, नाहीतर परदेशातून साल मागवू." झालं! पिशवी भरली नि धक्का गाठला.

ओहोटी लागली होती, त्यामुळे लाँच लांबच थांबली. तिथून होडी, आणि शेवटी गुडघाभर चिखल. भरतीची वेळ विचारून निघा, माझ्यासारखी पाटलोण बरबटून घेऊ नका. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि चिखलातच थांबून मी तो छातीभर घेतला. एवढी ओढ मनात दडून बसली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझी थोरली बहीण, अक्का, ओटीवर जाळं सांधत बसली होती.

"दामू? आज कसा काय रं? कोन आजारी हाय काय?"

"न्हाय गं. काम होतं, सालीचं."

"घरी यायला काम लागतं व्हय?"

मी तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही खाडीत उतरलो. अक्का प्रत्येक झाडाची एकाच अंगाची साल काढत होती. चहूकडून सोललं की झाड मरतं, म्हणाली. घरी येऊन तिने साल कुटली आणि आईचा तांब्याचा हंडा चुलीवर चढवला.

"तुमच्याकडं कशात उकलता?"

"मोठी कढई आहे. लोखंडाची."

अक्काने कपाळावर हात मारला. "लोखंडात? अरं, कोल्याचा ना तू? आयनं बडवलाच आसता!"

आणि खरंच बडवलं होतं! लहानपणी मी त्या हंड्यात लोखंडी पळी घातली होती, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. लोखंड लागलं की हा अर्क काळा पडतो, हे मी कारखान्यात नव्या माणसांना शिकवतो, आणि रोज त्याच कढईत साल शिजवतो! लाजेने कान तापले. तेवढ्यात हंड्यात तो रंग उतरला, तांबडा, आईच्या कोपरापर्यंत चढलेला असायचा तोच. काढा कोमट झाल्यावर मी मुद्दाम दोन्ही हात त्यात बुडवले आणि आईच्या आठवणीने पोरासारखा रडलो. अक्का काठीने काढा ढवळत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती होडीपर्यंत सोडायला आली. "आता साल लागंल तवा येशील ना?"

"येणारच. दर महिन्याला."

मुंबईत नवं तांब्याचं भांडं आणलं आणि पहिल्याच खेपेला अर्क उत्तम उतरला. साहेब खूश! इतके, की साल आणायला त्यांनी लगेच एक ठेकेदार नेमला. "तुम्ही कशाला चिखल तुडवता? तुमची इथे गरज आहे." मान डोलावून मी जागेवर येऊन बसलो. हातांचा रंग तोवर फिका पडत आला होता.

काल ठेकेदार रेवसहून सालीची पोती घेऊन आला. प्रत्येक झाडाची एकाच अंगाची साल काढलीय ना, एवढं मी आधी विचारलं. त्याने हो म्हणून सुक्या बोंबलांचं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"तुमच्या बहिणीने दिलंय. म्हणाल्या, साल तर पोचली, आता दामू काय काम काढून येणार ते विचारा."

शनिवारची लाँच सकाळी आहे. साहेबांना सांगितलंय, काम काही नाही, घरी जातोय.