माहितीच्या अर्जात कंसातले गुण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. कारण हा किस्सा ऐकताना आमच्या स्टाफरूममध्ये एकाला ठसका लागला होता, आणि त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं होतं.

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आम्ही मूळचे लोह्याचे. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दिली ती औशाकडच्या एका गावात. भूकंपाच्या रात्री त्या गावाचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दाजी गेले. अक्का आणि तिची तान्ही रेखा तेवढ्या वाचल्या. पुढं पुनर्वसनात नवीन गाव झालं, नवीन घर मिळालं, आणि तिथंच अक्कानं रेखाला वाढवलं.

ही रेखा तलाठी भरतीची परीक्षा पास झाली. भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेतून तिचा नंबर लागत होता. फक्त कागदपत्रं तपासायच्या दिवशी भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र दाखवायचं होतं. ते नसेल तर जागा दुसऱ्याला. आणि प्रमाणपत्रासाठी कार्यालयात हेलपाटे घालून पोरीच्या चपला झिजल्या होत्या. खिडकीवरचा माणूस दरवेळी म्हणायचा, "तुमच्या घराची नोंद सापडंना झालीय. नंतर या."

रेखा एका रविवारी माझ्याकडं आली. हातात अर्धं पान. म्हणाली, "मामा, माहितीच्या अधिकारात अर्ज करायलेय. जरा बघता का?"

मी बघितलं. वडिलांचं नाव, जुन्या गावाचं नाव, आणि खाली एकच ओळ : पडलेल्या घराच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत मिळावी.

आता तुम्हीच सांगा, वीस वर्षं पेपर काढणाऱ्या माणसाला हे पटेल का?

"रेखा," मी म्हणालो, "हा तर एका गुणाचा प्रश्न झाला."

"पण मामा, मला तेवढंच पायजे."

"तू थांब. यांना असं विचारतो की घाम फुटला पाहिजे."

तिनं ते अर्धं पान घडी घालून ठेवलं. आमच्या घरात मामा शिकलेला, म्हणून सगळ्यांना गप्प बसायची सवय.

मी दार लावून बसलो. तुम्हाला म्हणून सांगतो, पेपर काढायचं एक तंत्र असतं. सुरुवातीचे प्रश्न सोपे ठेवायचे, म्हणजे पोराला धीर येतो, आणि मग हळूहळू पेच आवळायचा. माझा हात सवयीनं चालत गेला. पहिला प्रश्न : आपल्या कार्यालयाचे पूर्ण नाव लिहा. दुसरा : कार्यालयाची वेळ सांगा. तिसरा : कार्यालयाचे प्रमुख कोण? चौथा : जेवणाची सुट्टी केव्हा असते? आणि मग खरा दारूगोळा. भूकंपग्रस्तांच्या नोंदी न सापडण्याची कारणमीमांसा करा. 'नंतर या' या वाक्याचे कार्यालयीन कामकाजातील महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा. बाप गेलेल्या मुलीला वर्षानुवर्षे हेलपाटे का घालावे लागतात? सकारण लिहा.

लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचला. इतका चांगला पेपर मी बोर्डाच्या तोंडावरसुद्धा काढला नव्हता. कोर्ट फीचं तिकीट लावलं, अक्काची सही घेतली नाही, रेखाची घेतली नाही, स्वतःची ठोकली आणि अर्ज देऊन आलो.

मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं. मी रेखाला बोलावून घेतलं, ऐटीत पाकीट फोडलं. आत कार्यालयाचं पूर्ण नाव होतं. कार्यालयाची वेळ होती. साहेबांचं नाव हुद्द्यासकट होतं. जेवणाची सुट्टी होती. आणि खाली लिहिलं होतं : अर्जदाराच्या सूचनेप्रमाणे चार प्रश्नांची माहिती देण्यात आली आहे.

"कसली सूचना?" मी ओरडलो.

रेखानं पिशवीतून माझ्या अर्जाची झेरॉक्स बाहेर काढली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं माझ्याच अक्षरात होतं : खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा.

मला खुर्ची सापडंना. रेखा रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मामा, तपासणी जवळ आलीय."

मग अपील केलं. त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं करता येतं ते. नशिबानं सुनावणी लवकर लागली. रेखा बरोबर आलीच, आता ती मला एकटं सोडणार होती थोडीच.

अधिकारी बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"सर, क्लासेस घेता का?"

"तुम्ही कसं ओळखलं?"

"प्रश्नांपुढं कंसात गुण दिलेत."

त्यांच्या हाताखालचा कर्मचारी खिडकीकडं तोंड करून हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, या कायद्यात 'का' विचारलं तर उत्तर देणं आमच्यावर बंधनकारक न्हाई. आमच्याकडं जो कागद हाय तो मागायचा, तो आम्हाला द्यावाच लागतो. तुम्हाला कोणता कागद पायजे?"

"पडलेल्या घराचा पंचनामा."

"कुणाच्या घराचा?"

मी अर्जाकडं बघितलं. एवढा मोठा पेपर, पण नाव कुठंच नव्हतं. कारणमीमांसा होती, सोदाहरण होतं, सकारण होतं, पण ज्या माणसाचं घर पडलं त्याचं नाव नव्हतं. त्या क्षणी, खरं सांगतो, मला फार लाज वाटली.

मागून रेखा बोलली, "माधव ग्यानोबा सूर्यवंशी. माझे वडील." आणि गावाचं नाव सांगितलं. जुन्या गावाचं.

खिडकीवाला आजवर नव्या गावाच्या कागदांत शोधत होता. आता जुन्या गावाच्या कागदांचा बस्ता निघाला. लाल फडकं सोडलं, धूळ झटकली, आणि दाजींचं पान चहा यायच्या आत सापडलं. रेखा वाकून वाचत होती. बापाचं नाव, पुढं 'मयत', खाली घराच्या चार भिंतींची मापं. ती त्या मापांवरच थांबली. तिला ते घर आठवत नाही ना. बाईंनी तिला घाई केली नाही.

मी तिथं उभा राहून विचार करत होतो. मला खरं तर जाब विचारायचा होता. दाजीच का, तीच रात्र का, माझ्या बहिणीच्याच वाट्याला का. भूकंपाला कोण विचारणार? म्हणून मी पुनर्वसनाच्या खिडकीला विचारत बसलो होतो, आणि पोरीची नोकरी माझ्या प्रश्नांखाली दबत चालली होती.

प्रत मिळाली, प्रमाणपत्र झालं, रेखा तपासणीतून पार पडली. मग आम्ही पेढे घेऊन अक्काकडं गेलो. पंचनाम्याची प्रत रेखानं तिच्या हातात दिली. अक्कानं ती बराच वेळ मांडीवर ठेवली. मग रेखानं तिला माझा सगळा पराक्रम सांगितला, कंसातल्या गुणांसकट. अक्का पदर तोंडाला लावून हसली, त्याच पदरानं डोळे पुसले.

मी म्हणालो, "अक्का, चुकलंच माझं."

"दिगंबर," अक्का म्हणाली, "आम्ही बाया लाजत लाजत का होईना, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतो. तू एवढा मोठा उखाणा घातलास, अन् त्यात तुझ्या दाजीचं नावच घ्यायचं ऱ्हायलं व्हय रे?"