पहिला चहा हात वर करणाऱ्याला

मी दिगंबर पाठक. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका खासगी कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षक, राहणार ज्योतीनगर. आज सकाळी छावणीजवळच्या एका जलतरण तलावावर जे पाहिले, ते ज्यांची मुले सैन्यात जाण्याच्या तयारीत आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचावे, एवढ्याच हेतूने लिहितो आहे.

माझी मुलगी मृण्मयी पुढच्या महिन्यात सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षणासाठी रुजू होते आहे. तिथे गणवेशात, बुटांसह, पाठीवर वजन घेऊनही पाण्यात उतरावे लागेल, म्हणून ती निवृत्त सुभेदार पठाण यांच्या सकाळच्या वर्गाला जाते.

मला भीती पाण्यापेक्षा तिच्या स्वभावाची होती. गेल्या वर्षी धावण्याच्या सरावात तिच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, तरी ती कोणाला न सांगता त्याच पायावर पळत राहिली... रस्त्यावर असा हट्ट प्लास्टरवर भागतो, पाण्यात तो जिवावर बेततो. सरावात बुडालेल्या तरुणांच्या बातम्या अधूनमधून येतात. मी वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतो, पण वाचलेले मनातून जात नाही.

गेल्या रविवारी प्रथमच तिच्यासोबत गेलो. "बाबा, फक्त बसायचं हं. कोणाला काही विचारायचं नाही," अशी अट होती. तरीही बचावाचा दोर पलीकडच्या काठापर्यंत पुरतो का, तरंगायच्या ट्यूबमध्ये पुरेशी हवा आहे का, खोलीचे आकडे स्पष्ट दिसतात का, हे मी पाहून घेतलेच.

सुभेदार साहेब लांबून बघत होते. "ऑडिट झालं का साहेब? पास की नापास?" सगळे हसले. मृण्मयीने कपाळाला हात लावला.

मग त्यांनी मुलामुलींना ओळीत उभे केले. "बूट घालून पाण्यात उतरायची ज्याला भीती वाटते, त्यानं एक पाऊल पुढं." कोणीही हलले नाही. पिशोर गावाहून आलेला गजानन तर छाती काढून म्हणाला, "सर, आमी इहिरीत मुटके मारून वाढलो. त्या इहिरीम्होरं ह्यो तर हौद हाय!"

"विहिरीत तू चड्डीवर उतरत होतास, राजा," सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले. "इथं बूट पाणी पितो, कपडे पाणी पितात... मग तुझी बारी येते."

त्यांची पद्धत अशी. दोघांची जोडी असते... एक पाण्यात, दुसरा तोंडात शिट्टी धरून काठावर. काठावरच्याने फक्त जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायलाही श्वास लागतो.

आणि पाण्यातल्याने दम पूर्ण संपण्याआधी, हातपाय चालत असतानाच, एक हात सरळ वर करायचा. त्या दिवशी जो सर्वात आधी हात वर करील, त्याला साहेबांच्या थर्मासमधला पहिला चहा आणि बाकीच्यांच्या टाळ्या.

त्या रविवारी एकही हात वर झाला नाही. गजानन कसाबसा येऊन कठड्याला लटकला. मृण्मयीही पोहोचली, पण खोकून खोकून तिला बराच वेळ बोलता येईना.

सुभेदार साहेबांनी पहिला चहा ओतला आणि सगळ्यांदेखत काठावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला. "आज सगळे पोहोचले, आणि सगळे खोटं बोलले. लढाईत दुश्मन मारतो, बेटा... सरावात लाज मारते."

परतताना स्कूटरवर मी एवढेच विचारले, "दम कुठे संपला होता?"

"मध्यावर."

"मग हात?"

"सगळे बघत होते ना, बाबा..."

तो आठवडा मला जड गेला.

आज ती बूट घालून, पाठीवर बॅग बांधून पुन्हा उतरली. काठावर तिचा जोडीदार गजानन, त्याच्या शेजारी बांबू घेतलेले सुभेदार साहेब, आणि पाण्यात ट्यूबसह एक जीवरक्षक. मध्य ओलांडल्यावर तिचे हात आखूड पडू लागले... हनुवटी पाण्याला टेकली. मी उठून उभा राहिलो.

शाळेपासून प्रत्येक परीक्षेत ती शेवटपर्यंत जावी, असेच मी मागत आलो. आज पहिल्यांदा मनापासून वाटले, ही मध्येच थांबू दे...

आणि हात वर आला. सरळ, पंजा उघडा.

शिट्टी वाजली. पुढच्याच क्षणी बांबू तिच्या मुठीत होता आणि ती काठाकडे ओढली जात होती. गजानननेच पहिली टाळी वाजवली. "काय मॅडम! माझा चहा पळिवला ना तुमी!"

हशा पिकला. पण पुढे स्वतःच्या फेरीत त्यानेही हात वर केला आणि बाहेर येऊन विचारले, "दुसऱ्याला बिस्कुट तरी हाय का, सर?" त्यानंतर आणखी दोघांचे हात वर आले. मृण्मयी विश्रांती घेऊन, बॅग काढून पुन्हा उतरली आणि या वेळी न खोकता पलीकडे पोहोचली.

पहिल्या चहाचा ग्लास तिने माझ्यापुढे धरला. "घ्या बाबा, अर्धा तुमचा. नापासाचा चहा आहे." सुभेदार साहेब मागून म्हणाले, "साहेब, लिहून घ्या, पास आहे ती."

मुलांना पोहता येते का, हे आपण सगळेच विचारतो. दमल्यावर ते सांगता येते का, हेही विचारावे, एवढीच माझी विनंती. सुभेदार साहेबांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, मला अजून सुचलेले नाही.

पुढच्या महिन्यापासून ती ज्या पाण्यात उतरेल, त्याच्या काठावर मी नसेन... पण आज तिने हात वर केला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेही नव्हते.

– दिगंबर पाठक
छत्रपती संभाजीनगर, रविवार