शेजारच्या जागेवरचा दुपट्टा

“मामा, बाबा गेले...” भाची शीतलचा फोन मिलानहून होता. सावली गावातल्या शेजाऱ्यांनी आधी लेकीला कळवलं आणि तिने चंद्रपूरला मला. जवळच्या सावलीची बातमी इटलीला वळसा घालून आली. भाऊजी झोपेतच गेले होते. लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. मला त्या लोकांचा राग आला. भाऊजींचं मरण दोन वर्षांपूर्वीच, धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात सुरू झालं होतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाईच म्हणायचो, धान कापायला वाकलेली असताना वाघाने तिला नेलं. भाऊजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होते. त्याआधीच शीतलने दोघांना इटलीला बोलावलं होतं, पासपोर्टही आले होते. “आमी रेल्वेनं रोम पाहाले जाऊन राह्यलो!” असं बाई अख्ख्या आळीला सांगत सुटली होती. ती गेल्यावर वर्षभराने शीतलने हट्टाने बापाला नेलं, सोबतीला मला.

रोमच्या कोलोसियममध्ये शीतल फलक वाचून सांगत होती... इथे माणसं जनावरांपुढे सोडत आणि लोक वर बसून बघत. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. भाऊजी कितीतरी वेळ खालच्या पडक्या भिंतींकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “मी बी पाह्यतच होतो ना रे. खांद्यावरला दुपट्टा हालवला, बोंबललो... पन पाय नाई उचलले.”

“तुमी धावले असते तं दोघंई गेले असते, भाऊजी.”

“मंग? तेच तं म्हनून राह्यलो.”

 

दुसऱ्या दिवशी पॉम्पेई पाहायला आम्ही नेपल्सची साधी गाडी पकडली. जागा राखीव नव्हत्या. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरतात, भाऊजींनी बाईसाठी जन्मभर अशीच धरली. डब्यात शिरताच त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा शेजारच्या जागेवर पसरला. माझ्यासाठीच असेल म्हणून मी बसायला गेलो, तर म्हणाले, “तू तिकडं बस.” गाडी भरली. एका इटालियन म्हातारीने खुणेने विचारलं, कोणी आहे का? भाऊजी तिला आपल्याच बोलीत म्हणाले, “हाये. येऊन राह्यली.” शीतलने तोंड खिडकीकडे वळवलं. राखेत गाडलं गेलेलं ते गाव भाऊजींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. परतीच्या गाडीत पुन्हा तोच दुपट्टा, तीच रिकामी जागा.

तेरवी आटोपल्यावर शीतलने तो दुपट्टा माझ्या हातात दिला. सावलीच्या स्टँडवर चंद्रपूरची बस लागली होती. मी बसलो आणि काय वाटलं कोण जाणे, शेजारी तो पसरला. बस भरत गेली. एक म्हातारी पिशवी सांभाळत जवळ आली.

“इथी कोनी हाये का, भाऊ?”

“हाये,” मी म्हणालो. उठलो, तिला माझी जागा दिली आणि चंद्रपूरपर्यंत दांडी धरून उभा राहिलो.