उसन्या सहा गोळ्या

आमच्या गल्लीत साखर, विरजण, तिखट सगळं उसनं चालतं. परत करताना वाटी थोडी वर भरून द्यायची, एवढाच नियम. माझ्या आईने फिटच्या गोळ्याही त्याच हिशेबात धरल्या.

डोक्याला मार लागल्यापासून आईला फिट येते. रोज एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. मी वाशिमला एका खाजगी ऑफिसात नोकरी करते, शेलूबाजारहून जीपने जाते-येते. तिथल्या विम्यात आईचं नाव आहे, म्हणून गोळ्या विम्यातून मिळतात. महिन्याला तीस. पुढच्या तीस अठ्ठाविसाव्या दिवसाआधी नाहीत. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी विमा कंपनीने जमा करून घेतलेली.

समोरच्या मावशीच्या सुनेलाही तीच गोळी आहे. तिला सरकारी दवाखान्यातून मिळते. या महिन्यात तिथे माल आला नव्हता, म्हणून आईने सहा गोळ्या देऊन टाकल्या. मला पत्ता नाही. गुरुवारी पाकीट रिकामं झालं तेव्हा कळलं.

शुक्रवारी विम्याच्या यादीतल्या मेडिकलवर गेले. त्याने कॉम्प्युटरात बघून सोमवारी या म्हणून सांगितलं. पैसे देऊन घेते म्हटलं, तर मूळ चिठ्ठी मागितली. शेजारच्या डॉक्टरांकडे नवी चिठ्ठी मागितली, तर ज्यांनी गोळी सुरू केली त्यांच्याकडे जा म्हणाले, आणि ते अकोल्याचे, इथे फक्त सोमवारी बसणारे. शेवटी विमा कंपनीला फोन लावला. गोळ्या कमी का पडल्या, असं तिकडच्या मुलीने विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. तिचा आवाज गोड होता. "मॅडम, दुसऱ्याला दिलेलं औषध नियमात बसत नाही. चारच दिवसांचा तर प्रश्न आहे." फिट काही कॅलेंडर बघून येते का, हे मला तिला विचारायचं होतं. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. याची मला अजून लाज वाटते.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. घरी येऊन आईला नको ते बोलले. दानधर्म करायचा तर आपल्या जिवावर कशाला, असं विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "दान नाई व, उसन्या देल्ल्या. आणून देईन ते." मी हसले. जिच्या घरी गोळी नव्हती ती आणून कुठून देणार, असं मी धरूनच चालले होते.

शनिवारी संध्याकाळी मावशी दारात आली. पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. आई मागे न्हाणीत होती. मावशीने तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "मावशी, गोळ्या मांगाले आली असशीन त नाईत. तुह्यापायी आमच्याच सरल्या." ती "बरं बाई," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

रविवारी सकाळी चहा करताना आई पडली. आधण हातावर सांडलं. मी नुसती ओरडत होते, आणि माझ्या ओरडण्याने पहिली धावून आली ती मावशीच. तिने आईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला हात घातला आणि झटके थांबेपर्यंत काढला नाही. मग पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती.

"काल हेच द्याले आलती," ती म्हणाली. "दवाखान्यात माल आला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू बोलू कुठी देल्लं?"

पुडीत सात गोळ्या होत्या. सहा आमच्या आणि एक वरची. सुनेच्या मोजून मिळालेल्या गोळ्यांतली.

सोमवारी नियमाप्रमाणे तीस गोळ्या मिळाल्या. आईच्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. कंपनीच्या लेखी त्या महिन्यात काहीच चुकलेलं नाही, आणि शनिवारी दारात उभं राहून मीही कंपनीच झाले होते. वरची गोळी मी परत करायला गेले, तेव्हा मावशीने ती घेऊन पदराला बांधली. तेव्हापासून ती आमच्याकडे साखरही मागायला आलेली नाही.