इनासचा डावा कान

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, उतारा... माझा कशावरही विश्वास नाही. बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तेव्हा शेजाऱ्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला; मी खोबरं खाल्लं आणि जिन्याने वर गेलो. एवढाच माझा अध्यात्माशी संबंध.

नायगाव पूर्वेला, खाडीकडे तोंड केलेल्या टॉवरमध्ये राहतो. घरी बसून कॉम्प्युटरवर गेमसाठी माणसं घडवतो. आधी जड मूर्ती: त्वचेची रंध्रं, ओठांच्या भेगा, सगळं. तेव्हा माझ्या मशीनचा पंखा असा घुमतो की खालच्या मजल्यावरचे काका टेरेसवर हेलिकॉप्टर शोधायला जातात. एवढं ओझं गेमला पेलत नाही. म्हणून मोजक्या त्रिकोणांचं हलकं मॉडेल बनवायचं आणि मूर्तीचे बारकावे त्यावर छापासारखे उतरवायचे. याला आम्ही बेक करणं म्हणतो. मूर्तीत नाही ते बेकमध्ये येत नाही. येऊच शकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका स्टुडिओसाठी तरणा नावाडी करत होतो. बेक झालं — आणि डाव्या कानाची पाळी अर्धी कापलेली! मूर्ती उघडली... कान धड. शिवाय आम्ही चेहरा सिमेट्री लावून घडवतो. एका बाजूला केलं की दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. बिघडायचेच तर दोन्ही कान बिघडायला हवेत. कान पुसून पुन्हा केला, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, येतील त्या सगळ्या भाषांतून शिव्या दिल्या. पाळी कापलेलीच.

स्टुडिओतला लीड, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, वैतागला. बग आहे, फिक्स कर, नाहीतर कॅरेक्टर दुसऱ्याला देतो म्हणाला.

त्याच दुपारी फिलोमिना मावशी आल्या. आईबरोबर शाळेत शिकवायच्या. वसईजवळ गिरीजला त्यांची केळीची वाडी, त्यामुळे हातात केळी असणारच. माझ्या खोलीत डोकावल्या आणि स्क्रीनवरचा नावाडी पाहून दारातच थांबल्या.

"इनासला तू कुठे पाहिलंस?"

इनास त्यांचा थोरला भाऊ. केळीचा घड उतरवताना कोयता निसटला आणि डाव्या कानाची पाळी कापली. पुढे बोटीवर गेला, तो परतलाच नाही. घरातला एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात गेला. मी त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही.

कान नीट करायचाय, असं मी चाचरत सांगितलं. मावशी खुर्चीत बसल्या.

"चेहरा विसरत चालले होते रे मी. कान नीट केलास तर तो दुसराच कोणीतरी होईल."

माझी लीडवर सटकली. तिथूनच लीडला फोन लावला.

"कानासकट घे, नाहीतर सोड."

"एका कानासाठी काम घालवतोयस?"

"हो."

त्याने हट्टाने मूर्तीची फाइल मागवून स्वतःच्या मशीनवर बेक केली. मग मेसेज आला — इथेही कान कापलेलाच. तुझा माणूस तुझ्याकडेच ठेव.

ठेवला! मोठा प्रिंट काढला. इनास आता मावशींच्या गिरीजच्या घरात, येशूच्या ऑल्टरशेजारी आहे. काम परत मागायला गेलो नाही, जाणारही नाही.

आता कमेंटमध्ये शहाणे येतील, फाइल करप्ट होती म्हणायला. या नायगावला, चहा पाजतो, समोर बेक करून दाखवतो. असं का होतं, मला आजही ठाऊक नाही. बायको म्हणते, याच्या गोष्टीतलं निम्मं सोडून ऐकायचं. सोडा. हेलिकॉप्टर सोडा, शिव्या सोडा... पाळी तरी कापलेलीच राहते.